साखळी घ्यावी पारखून



राहुरी तालुक्यातील एका भगिनीने आमच्याकडे एक प्रश्न पाठविला आहे. ती आणि तिचे यजमान दोघेही मजुरीवर जातात. मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली. तिला हौस आहे ती लटकनाच्या ब्रेसलेटची. म्हणजे मनगटात चांदीची साखळी आणि तिला लोंबणारी लहान लहान लटकने. एक पिंपळपान, एक धम्मचक्र, एक पुस्तक, एक पेन आणि एक नावाचे अक्षर. घरात सासूबाईंचे जुने, तुटलेले पैंजण आहेत. ते मोडून ब्रेसलेट करावे असा घरात विचार ठरला. परंतु सराफाने पाच तऱ्हेच्या साखळ्या पुढे टाकल्या आणि यातली टिकणारी कोणती हेच कळेना. ही भगिनी लिहिते, "पहिल्याच महिन्यात तुटून कुठे पडले तर पैसा जाईल, आणि सासूबाईंची आठवणही जाईल."

प्रश्न लहान दिसतो, पण अनेक घरांचा आहे. म्हणून या वेळचे सदर आम्ही त्यालाच दिले आहे.

आधी एक शंका दूर करू. काही मंडळी म्हणतील, आपल्या माणसांनी दागिन्यांचा नाद कशाला करावा? मुलीला पुस्तके घ्यावीत. पुस्तके घ्यावीतच, त्याबद्दल वाद नाही. पण मनगटात काय असावे हा प्रश्न आपल्या इतिहासात कधीच साधा नव्हता. पेशवाईत अस्पृश्याने मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा बांधला पाहिजे असा दंडक होता, म्हणजे चुकून कोणाला विटाळ होऊ नये! हे बाबासाहेबांनी 1936 च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये नोंदवून ठेवले आहे. त्याच ग्रंथात इंदूर भागातील बलाई समाजाची 1928 ची हकीकत आहे. तिथल्या सवर्णांनी बलाईंवर जे नियम लादले, त्यात बलाई बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत हाही एक होता. आणि डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या मायबहिणींना सांगितले ते याच्या दुसऱ्या अंगाने. गळाभर गळसऱ्या आणि हातभर कथलाचे, चांदीचे गोट घालून जातीची ओळख अंगावर वागवू नका, नीटनेटके राहा, असे ते सांगणे होते.

या तिन्ही गोष्टींचा अर्थ आम्ही असा लावतो. अंगावर काय घालायचे हे दुसऱ्याने ठरवू नये, आणि आपण जे घालू ते समजून उमजून घालावे. ज्या मनगटाला काळ्या दोऱ्याची सक्ती होती, त्या मनगटात आपली लेक स्वतःच्या आवडीचे पुस्तक आणि पेन लटकवू पाहते, तर तिची हौस पुरवावी. फक्त पैसा कष्टाचा आहे, तेव्हा साखळी पारखून घ्यावी, एवढेच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लटकनाचे ब्रेसलेट हे नाव नवे असले तरी वस्तू आपल्याला नवी नाही. घुंगरांचे पैंजण म्हणजे दुसरे काय? साखळी आणि तिला लोंबणारे घुंगरू. लहान मुलाच्या कमरेचा घुंगरांचा करगोटाही त्यातलाच. कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यात हुपरी हे गाव आहे. तिथे घरोघरी कड्या जुळवणे, झाळणे, घुंगरू लावणे, उजळणे अशी कामे वाटून होतात आणि तिथले पैंजण परप्रांतातही जातात. तेव्हा साखळी कशी टिकते हे शिकायचे असेल तर घरातले जुने पैंजण हातात घ्यावे. ते कुठे तुटले आहे ते पाहावे. बहुधा साखळी मधोमध तुटलेली दिसणार नाही. एक तर घुंगरू गळालेले असतील, नाही तर फाशाजवळची शेवटची कडी उघडलेली असेल. ब्रेसलेटचेही तेच होते.

याचे कारण समजून घ्या. पाच-सहा लटकनांचे वजन फार तर दहा-बारा ग्रॅम. एवढ्या वजनाने साखळी तुटत नाही. साखळीला मार बसतो तो दोन गोष्टींचा. पहिली गोष्ट हिसका. एसटीच्या दाराची दांडी, दप्तराचा पट्टा, ओढणीची जाळी यात लटकन अडकते आणि हात पुढे जातो. दुसरी गोष्ट झीज. लटकनाची कडी दिवसभर साखळीवर घासते, आणि वर्षा-दोन वर्षांत धातू खाल्ला जाऊन कडी बारीक होते. तेव्हा साखळी घेताना हिसका आणि झीज हे दोन शत्रू डोळ्यांपुढे ठेवावेत.

पहिली पारख झाळीची. साखळीची प्रत्येक कडी म्हणजे वाकवलेली तार. तिची दोन तोंडे नुसती जुळवून सोडली असतील तर हिसक्याने ती उघडते. तार न तुटताच साखळी सुटते. तीच तोंडे झाळून एक केली असतील तर कडी उघडू शकत नाही. दुकानात भिंग मागून घ्यावे आणि प्रत्येक कडीचा सांधा पाहावा. भिंग नसले तर साखळी ओढणीच्या पातळ कापडावरून हलकेच ओढावी. धागा अडकला तर सांधा उघडा किंवा खडबडीत आहे असे समजावे.

दुसरी पारख तारेच्या जाडीची. इथे थोडा हिशोब करू. एका साखळीची तार 0.8 मिलिमीटर जाड आहे आणि दुसरीची 1.2 मिलिमीटर. डोळ्याला फरक फारसा जाणवत नाही. जाडी दीडपट झाली, म्हणून ताकदही दीडपट असे आपण म्हणू. पण तार गोल असते, आणि तिच्यातला धातू जाडीच्या वर्गाने वाढतो. दीड गुणिले दीड म्हणजे सव्वादोन पट. तेवढ्या पटीने ती ताण सोसते, आणि झिजायलाही धातू जास्त असतो. अर्थात वजन आणि किंमतही त्याच बेताने वाढते. म्हणून आमचे सांगणे असे की, पैसे बेताचे असतील तर लटकने सहाऐवजी तीन घ्यावीत, पण साखळीची तार जाड घ्यावी. लटकने पुढे एकेक वाढवता येतात. बारावी झाली की एक, नोकरी लागली की एक. बारीक साखळी मात्र नंतर जाड करता येत नाही.

तिसरी पारख घडणीची. साध्या गोल किंवा लांबट कड्यांची साखळी या कामाला सर्वांत चांगली. तिच्या कडीत लटकनाची कडी सहज बसते, लटकन एका जागी राहते, आणि एखादी कडी गेली तर गावचा सोनारही ती बदलून देतो. कड्या पिळून सपाट केलेली साखळीही चालते, ती मनगटावर नीट बसते. सापाच्या अंगासारखी गुळगुळीत गोल साखळी मात्र लटकनासाठी घेऊ नये. ती एकदा मुडपली की सरळ होत नाही आणि तिची दुरुस्तीही अवघड. सपाट पट्टीची चकचकीत साखळीही तशीच. पोकळ कड्यांची साखळी दिसायला भरदार आणि वजनाला हलकी असते, पण तिचा पत्रा पातळ असतो. झीज पत्र्याच्या पार गेली की कडीला भोक पडते. रोजच्या वापराला भरीव कडीच हवी.

चौथी पारख फाशाची, आणि ती बहुतेक जण करीत नाहीत. साखळी कितीही दणकट असली तरी तिची ताकद सर्वांत दुबळ्या कडीएवढीच. फासा स्प्रिंगचा असेल तर पाच-सात वेळा उघडून मिटून पाहावा. तो खटकन बंद झाला पाहिजे. फासा ज्या शेवटच्या कडीत अडकतो आणि ज्या कडीने साखळीला जोडलेला असतो, त्या दोन्ही झाळलेल्या आहेत का ते पाहावे. फाशाच्या बाजूने एक बारीक जादा साखळी लावून मिळते. फासा उघडला तरी दागिना हातातच राहतो.

पाचवी पारख लटकनाच्या कडीची. लटकन साखळीला जोडणारी लहान कडी नुसती दाबून बसवलेली असेल तर ते घुंगरासारखे गळणारच. लटकने बसवून झाल्यावर या लहान कड्याही झाळून घ्याव्यात. थोडी मजुरी वाढेल, ती द्यावी. घरी कधी कडी उघडावी लागली तर दोन चिमट्यांनी तिची तोंडे आडवी सरकवावीत, एक पुढे आणि एक मागे. बाहेरच्या बाजूला फाकवली तर गोलाई बिघडते आणि ती पुन्हा नीट मिटत नाही. आणखी एक गोष्ट. चांदीच्या साखळीला लोखंडी किंवा स्टीलची कडी लावू नये. कठीण धातू मऊ धातूला कानशीसारखा घासतो.

माप घेताना मनगटाला दोरा गुंडाळावा आणि त्यात दोन ते अडीच सेंटिमीटर वाढवावे. फासा लावल्यावर एक बोट आत गेले म्हणजे पुरे. फार सैल झाले तर ते अडकते किंवा हातातून निसटते, आणि फार घट्ट झाले तर प्रत्येक वळणाला सांध्यावर ताण येतो.

आता धातू कोणता घ्यावा? शुद्ध चांदी मऊ असते, तिची साखळी लवकर झिजते. म्हणून हजारात 925 भाग चांदी आणि बाकी बहुधा तांबे असा मेळ करतात. त्याला 925 ची चांदी म्हणतात. ब्रेसलेटला ती योग्य. 'जर्मन सिल्व्हर' या नावाला मात्र भुलू नये. त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी नसतेच. निकेलने कित्येकांच्या कातडीला खाज सुटते. 'एक ग्रॅम सोन्या'चा माल म्हणजे बहुधा पितळेवर सोन्याचा मुलामा. कड्या घासतात तिथला मुलामा आधी जातो. चुंबक लावून पाहण्याची युक्ती सांगतात, पण चुंबकाने फक्त लोखंड कळते. पितळ आणि जर्मन सिल्व्हरलाही चुंबक ओढत नाही. उलट खऱ्या चांदीच्या फाशातील बारीक स्टीलची स्प्रिंग ओढली जाऊ शकते, त्याने घाबरू नये. स्टेनलेस स्टीलची साखळी सर्वांत टिकाऊ आणि स्वस्त. रोज कामावर वापरायला ती उत्तम, फक्त मोडीला किंमत येत नाही आणि गावचा सोनार ती झाळू शकत नाही. अडीअडचणीला मोडता यावी ही इच्छा असेल तर चांदीच घ्यावी.

या भगिनीच्या पैंजणांचा हिशोब नमुन्यादाखल मांडतो. समजा जुने पैंजण 60 ग्रॅम भरले आणि त्यांचा टंच 65 निघाला. म्हणजे त्यात शुद्ध चांदी 39 ग्रॅम. नवे ब्रेसलेट लटकनांसह 25 ग्रॅमचे, 925 चे. त्यात शुद्ध चांदी 23 ग्रॅमच्या किंचित वर. म्हणजे आटणीतली थोडी घट सोडली तरी पंधरा-सोळा ग्रॅम शुद्ध चांदी ग्राहकाची शिल्लक राहते. तिची किंमत मजुरीत वळती झाली पाहिजे. फसगत होते ती इथे. जुना माल घेताना टंच मोजला जातो आणि नवा माल देताना दर मात्र शुद्ध चांदीचा लावला जातो. म्हणून तोंडी बोलणी न करता कागदावर चार ओळी मागाव्यात. जुन्याचे वजन व टंच, नव्याचे वजन व टंच, त्या दिवसाचा दर, आणि मजुरी. नव्या दागिन्यावर 3 टक्के जीएसटी असतो, तो बिलात दिसला पाहिजे. टंच यंत्रावर तपासून मिळतो, तो आपल्यासमोर काढून घ्यावा. सासूबाईंची आठवण राखायची असेल तर आटवण्यापूर्वी दोन धड घुंगरू काढून ठेवावेत आणि तेच लटकन म्हणून लावावेत. आमच्या मते त्याहून चांगले लटकन बाजारात मिळणार नाही.

हॉलमार्कविषयीही नीट समजून घ्यावे. नुसता 925 चा शिक्का म्हणजे हॉलमार्क नव्हे, तो कोणीही मारू शकतो. खऱ्या हॉलमार्कवर बीआयएसचे त्रिकोणी चिन्ह असते आणि शुद्धतेचा आकडा असतो. 1 सप्टेंबर 2025 पासून चांदीच्या हॉलमार्कमध्ये सहा अक्षरांकांचा एचयूआयडी क्रमांकही आला. तो 'बीआयएस केअर' या मोबाईल अ‍ॅपवर घालून पाहता येतो. त्या वेळी चांदीला हा हॉलमार्क सक्तीचा नव्हता, ऐच्छिक होता. म्हणून तो ग्राहकाने मागून घ्यावा लागतो. सोन्याच्या दागिन्याला 1 एप्रिल 2023 पासून एचयूआयडीशिवाय विक्री नाही, परंतु 2 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या नगाला सवलत आहे. सोन्याचे एखादे लहान लटकन घेतले तर ते नेमके या सवलतीत बसते, तेव्हा तिथे पक्क्या बिलाला फार महत्त्व आहे. हॉलमार्कच्या मालात शुद्धता कमी निघाली तर फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद 2018 च्या बीआयएस नियमांत आहे. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन 1915 या क्रमांकावर तक्रार करावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. साखळी तुटू नये असे आपण म्हणतो, पण काही वेळा न तुटणारी साखळीच घात करते. कडबाकुट्टी, मळणी यंत्र, रसवंतीचा चरक, पिठाच्या गिरणीचा पट्टा, नागापूर किंवा सुप्याच्या एमआयडीसीतले यंत्र यांच्याजवळ मनगटात काहीही लोंबते असू नये. बारीक साखळी तुटून हात वाचेल, पण दणकट साखळी हाताला आत ओढील. ट्रॅक्टरच्या किंवा मोटारसायकलच्या बॅटरीवर काम करतानाही ब्रेसलेट काढावे. चांदीतून वीज सर्व धातूंपेक्षा सहज वाहते, आणि साखळी तापून मनगट भाजते. कामावर जाताना डबा घेण्याआधी दागिना काढायचा, ही सवय मुलींना लावावी.

घरात रांगते किंवा लहान मूल असेल तर आणखी सावध असावे. 2006 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात चार वर्षांच्या एका मुलाने ब्रेसलेटचे हृदयाच्या आकाराचे लटकन गिळले. ते जवळजवळ सगळे शिशाचे होते. शिशाची विषबाधा होऊन ते मूल दगावले. ते ब्रेसलेट बुटांच्या जोडीबरोबर फुकट मिळालेले होते, आणि कंपनीला नंतर तशी लाखो ब्रेसलेट परत मागवावी लागली. म्हणून जत्रेत, फेरीवाल्याकडे मिळणारी, हाताला जड लागणारी, कसला धातू आहे हे कोणी सांगू शकत नाही अशी लटकने घरात आणू नयेत. लहान मुलाने लटकन गिळल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय करीत बसू नये, त्याला तडक दवाखान्यात न्यावे.

राहता राहिली निगा. चांदी काळी पडते ती हवेतील आणि घामातील गंधकाच्या अंशामुळे. त्यात नजर लागण्याचा किंवा आजाराच्या खुणेचा काही संबंध नाही. रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुवावी आणि कोरड्या सुती कापडाने पुसावी. राख, दंतमंजन यांनी घासू नये, त्याने धातू झिजतो. धुण्याच्या ब्लिचिंगच्या पाण्यात हात घालण्यापूर्वी दागिना काढावा. ठेवताना रबराचे बंडल लावू नये, रबरातही गंधक असते. लहान प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवावी. आणि वर्षातून दोन दिवस ठरवून घ्यावेत, 14 एप्रिल आणि 14 ऑक्टोबर. त्या दिवशी घरातल्या सगळ्या साखळ्या, पैंजण, करगोटे बाहेर काढून प्रत्येक कडी नजरेखालून घालावी. कडी अर्धी झिजलेली दिसली तर ती लगेच बदलून घ्यावी.

तर राहुरीच्या भगिनीला आमचे थोडक्यात उत्तर असे. चांदी 925 ची, कड्या साध्या, गोल किंवा लांबट, भरीव आणि प्रत्येक सांधा झाळलेला, तार शक्य तेवढी जाड, फाशाला जादा साखळी, सुरुवातीला तीनच लटकने आणि सासूबाईंचे दोन घुंगरू. बिल पक्के. दुकानात जाताना मुलीलाही बरोबर न्यावे. टंचाचा आणि वजनाचा हिशोब तिलाच कागदावर मांडू द्यावा. दहावी पास झालेल्या लेकीला सराफासमोर बसून स्वतःच्या दागिन्याचा हिशोब करता आला, तर शिक्षणाचा उपयोग घरच्यांना डोळ्यांनी दिसेल. मुलीचे मनःपूर्वक अभिनंदन. अकरावीच्या प्रवेशाची कागदपत्रे, जातीचा दाखला आणि शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेवर करावा, ही आठवणही यानिमित्ताने करून ठेवतो.

जयभीम!